घरी बोलणारं भाषांतर अ‍ॅप परदेशात गप्प का बसतं? (समस्या निवारण)

तक्रार ठरलेली असते: पुण्यात घरच्या वायफायवर अ‍ॅप फर्डं जपानी बोलत होतं, ओसाकाला उतरल्यावर ढिम्म. दहातल्या बहुतेक वेळा दोष भाषांतराचा नसतो. नेट, माइक किंवा आपण अ‍ॅपला दिलेलं वाक्य, यांतलं काहीतरी बिघडलेलं असतं. म्हणून लगेच दुसरं अ‍ॅप टाकू नका आणि विमानतळावरच्या दुकानातून भाषांतराचं यंत्र तर मुळीच घेऊ नका. आधी लक्षण ओळखा.

लक्षणं

- टाइप केलेलं भाषांतरित होतं, पण माइकचं चिन्ह राखाडी दिसतं.
- भाषांतर पडद्यावर येतं, आवाज येत नाही.
- तुमचं बोलणं पकडतं, समोरच्याचं पकडत नाही.
- वायफायला पूर्ण रेघा आहेत, तरी चक्र फिरतच राहतं.
- मेनूकार्डावर कॅमेरा धरला की शब्द नाचतात, दर सेकंदाला वेगळा पदार्थ दिसतो.
- सगळं व्यवस्थित चालल्यासारखं दिसतं, पण समोरचा माणूस भलतंच काहीतरी करतो.

पहिली तीन लक्षणं फोनची किंवा ऑफलाइन फाइलींची, चौथं नेटचं, पाचवं कॅमेऱ्याचं. सहावं आपल्या वाक्याचं असतं, आणि सगळ्यांत धोक्याचं तेच, कारण बिघाड आहे हे कळतच नाही. खालच्या तपासण्या सोप्या आणि फुकट असलेल्यांपासून सुरू होतात. क्रम मोडू नका, नाहीतर पाच मिनिटांच्या कामात संध्याकाळ जाते.

१. कानातले काढा

हसू नका, सगळ्यांत जास्त वेळा हेच निघतं. ब्लूटूथ इयरफोन जोडलेले असले की बरेच फोन स्वतःचा माइक सोडून इयरफोनचा माइक वापरतात. तो तुमच्या कानाशी असतो, तुमचाच आवाज पकडायला बनवलेला असतो आणि आजूबाजूचा आवाज मुद्दाम दाबतो. समोरचा दुकानदार त्याच्या दृष्टीने 'आजूबाजूचा आवाज'च. इयरफोन खिशातल्या डबीत ठेवले तरी डबीचं झाकण उघडं राहिल्यास जोडणी टिकते, म्हणून ब्लूटूथच बंद करून बघा.

त्याच दमात आणखी चार गोष्टी पाहा. भाषेची दिशा उलटी नाही ना? फोन सायलेंटवर नसला तरी मीडियाचा आवाज शून्यावर नाही ना? रिंगचा आवाज आणि अ‍ॅपचा आवाज वेगवेगळे असतात. अ‍ॅपला माइकची परमिशन आहे का? बरेच दिवस न वापरलेल्या अ‍ॅपची परमिशन अँड्रॉइड आपणहून काढून घेतो. शेवटी फोनच्या खालच्या कडेचं माइकचं भोक कव्हरने झाकलं नाही ना, त्यात खिशातली धूळ बसली नाही ना, हे बघा.

यानंतरही आवाज पकडत नसेल तर फोनमधला साधा व्हॉइस रेकॉर्डर उघडून दहा सेकंद बोला आणि ऐका. रेकॉर्डिंग स्वच्छ आलं तर माइक ठीक आहे, दोष अ‍ॅपकडे किंवा नेटकडे. रेकॉर्डिंगही खरखरत असेल तर माइक गेला. इथे थांबायचं. भोकात पिन घालू नका, आतला पडदा फाटतो. निघायच्या आधी कळलं तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला द्या, प्रवासात कळलं तर टाइप करून काम भागवा किंवा माइक असलेले वायरचे इयरफोन लावा.

२. चालू संभाषणाची पद्धत बदला

'ऑटो' पद्धतीत अ‍ॅपला कोण बोलतंय आणि कुठली भाषा हे स्वतः ओळखावं लागतं. मराठी आणि हिंदी जवळच्या, त्यात आपण वाक्यात चार इंग्रजी शब्द टाकतो, मग ते गोंधळतं. दोन्ही भाषांची बटणं वेगळी दाबायची पद्धत निवडा. बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून बोला, कारण माइक उघडायच्या आत उच्चारलेला पहिला शब्द कापला जातो, आणि तो 'नको' किंवा 'नाही' असेल तर वाक्याचा अर्थच उलटतो. मध्ये 'अं...' करत थांबूही नका. शांतता झाली की अ‍ॅप वाक्य संपलं असं धरतं. आठ-दहा शब्दांचं एक वाक्य, मग थांबा.

३. वायफाय जोडलंय, पण नेट आहे का?

हॉटेल, विमानतळ, कॅफे यांच्या वायफायला जोडल्यावर एक लॉगिनचं पान उघडावं लागतं. ते उघडलं नाही तर रेघा पूर्ण दिसतात आणि एक अक्षरही पुढे सरकत नाही. सुरक्षित साइटवरून फोनला त्या पानाकडे वळवता येत नाही, म्हणून ब्राउझरमध्ये मुद्दाम साधी, असुरक्षित साइट उघडायची. त्यासाठीच नेव्हरएसएसएल डॉट कॉम नावाची साइट आहे. ती टाकली की लॉगिनचं पान बहुतेक वेळा पुढे येतं.

तरी आलं नाही तर दोन संशयित उरतात. एक, ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे फोनचं सगळं नेट ऑफिसच्या सर्व्हरमधून नेणारी जोडणी. हिंजवडी-खराडीच्या मंडळींच्या फोनवर ते हमखास चालूच असतं. दुसरा, सेटिंगमधलं 'प्रायव्हेट डीएनएस' (साइटचा पत्ता शोधून देणारी सेवा), जे जाहिराती अडवण्यासाठी कोणीतरी कधीतरी बदललेलं असतं आणि मग विसरलेलं असतं. दोन्ही लॉगिनच्या पानाची वाट अडवतात. बंद करा, लॉगिन करा, मग हवं तर पुन्हा चालू करा.

फोनची तारीख-वेळही पाहा. वेळ हाताने बदलून ठेवली असेल आणि फरक मोठा असेल तर सुरक्षित जोडणी तपासताना फोनला सर्व्हरचं प्रमाणपत्र अवैध वाटतं आणि अ‍ॅप 'कनेक्शन नाही' म्हणतं. वेळ 'ऑटोमॅटिक'वर ठेवा.

काही ठिकाणी वायफायसाठी मोबाइलवर ओटीपी येतो. भारतातलं सिम रोमिंगशिवाय बंद पडलेलं असेल तर तो येणारच नाही. अ‍ॅपचं किंवा यंत्राचं लॉगिनही असंच अडकतं, म्हणून जिथे खातं लागतं तिथे पुण्यातूनच लॉगिन करून निघा.

४. ई-सिम आहे, डेटा नाही

बिलाच्या भीतीने घरचे सांगतात, 'डेटा रोमिंग बंद ठेव.' भारतातल्या सिमसाठी सल्ला बरोबर आहे. प्रवासाच्या ई-सिमसाठी (कार्ड नसलेलं, क्यूआर कोडने फोनमध्ये टाकायचं सिम) मात्र चूक, कारण ते बहुतेकदा तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं आणि तुम्ही उतरलेल्या देशात तेसुद्धा रोमिंगवरच चालतं. तेव्हा भारतीय सिमचं रोमिंग बंद, ई-सिमचं रोमिंग चालू, मोबाइल डेटासाठी ई-सिम निवडलेलं, आणि 'डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर वळव' हा पर्याय बंद. चारही गोष्टी एकत्र हव्यात.

तरी नेट येत नसेल तर ई-सिमवाल्यांच्या ईमेलमधलं एपीएन (मोबाइल डेटाच्या सेटिंगमध्ये भरायचं नाव) अक्षर न् अक्षर जुळवून टाका आणि फोन बंद करून चालू करा. ई-सिम पुण्यातच घरच्या वायफायवर टाकून ठेवायचं. क्यूआर कोड ईमेलमध्ये आणि ईमेल त्याच फोनवर असेल तर विमानतळावर तो स्कॅन कशाने करणार? मुदत कधीपासून मोजतात, टाकल्यापासून की तिथल्या नेटवर्कला जोडल्यापासून, हे मात्र घेतानाच वाचा.

चीनचा मामला वेगळा. गूगलने तिथली भाषांतर सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद केली, त्यामुळे शांघायच्या हॉटेलच्या वायफायवर गूगल ट्रान्सलेट हलणार नाही, आणि त्यात तुमच्या फोनचा काही दोष नाही. भारतीय सिमच्या रोमिंगवर तेच अ‍ॅप सहसा चालतं, कारण रोमिंगचा डेटा मायदेशातल्या नेटवर्कमधून फिरून जातो. रोमिंग नको असेल तर मायक्रोसॉफ्ट ट्रान्सलेटर किंवा बायडूचं भाषांतर अ‍ॅप निघण्यापूर्वीच टाकून ठेवा. तिथे पोहोचल्यावर प्ले स्टोअरही उघडणार नाही.

५. ऑफलाइन फाइल: एक नाही, तीन गोष्टी

लोक जपानीची फाइल उतरवतात आणि निर्धास्त होतात. पण गूगलचं ऑफलाइन भाषांतर मराठीतून थेट जपानीत जात नाही, मधे इंग्रजी येते. म्हणून मराठी आणि जपानी दोन्ही फाइली हव्यात. त्या जागेची कुरकूर करण्याइतक्या मोठ्या नसतात.

दुसरी गोष्ट, बोललेलं ओळखणारी फाइल वेगळी असते. अँड्रॉइडवर ती गूगलच्या व्हॉइस टायपिंगच्या सेटिंगमध्ये 'ऑफलाइन स्पीच' या नावाखाली मिळते, आणि प्रत्येक भाषेसाठी मिळतेच असं नाही. माइक राखाडी आणि टायपिंग चालू, या लक्षणाचं कारण हेच. तिसरी गोष्ट, वाचून दाखवणारा आवाज. 'टेक्स्ट टू स्पीच'च्या सेटिंगमध्ये त्या भाषेचा आवाज उतरवलेला नसेल तर भाषांतर दिसतं, ऐकू येत नाही.

तपासायची पद्धत एकच: फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा, मग टाइप करून, बोलून आणि कॅमेऱ्याने असं तिन्ही करून बघा. हे शांत खोलीत नको. स्वारगेटच्या एसटी स्टँडवर किंवा संध्याकाळी तुळशीबागेत उभं राहून करा. तिथे जे पकडलं जातं ते टोकियोच्या शिंजुकू स्टेशनवरही बहुधा पकडलं जाईल. ऑफलाइनमध्ये मराठीपेक्षा इंग्रजी इनपुट जास्त नेमकं उतरतं, कारण एक टप्पा कमी होतो. मोडकीतोडकी का होईना, इंग्रजी लिहिता येत असेल तर ती वापरा. कोरियासाठी पापागो हे अ‍ॅप चांगलं आहे, पण त्यात इंग्रजीतूनच जावं लागेल असं धरून चला.

६. कॅमेरा

भिंग पुसा. मग लाइव्ह न बघता फोटो काढा आणि त्या फोटोचं भाषांतर करा. लाइव्हमध्ये हात हलला की दर क्षणी नव्याने ओळखायचा प्रयत्न होतो, म्हणून शब्द नाचतात. लॅमिनेट केलेल्या मेनूवर दिव्याची चकाकी असेल तर फ्लॅश न लावता कार्ड तिरकं धरा. उभं जपानी लिखाण, ब्रशने लिहिलेल्या पाट्या, फळ्यावरचा खडूचा 'आजचा खास' यांत अ‍ॅप बरेचदा चुकतं, तिथे वेळ घालवू नका. फोटो इंग्रजीत उतरवून घ्या, थेट मराठीत नको. इंग्रजीत झालेली चूक निदान चूक म्हणून ओळखू येते.

७. वाक्य बदला

इथे पैसे लागत नाहीत, पण सवय बदलावी लागते. आणि सहावं लक्षण याच तपासणीत दूर होतं.

वेळ आणि आकडे अंकांत टाइप करा. 'दीड', 'अडीच', 'पावणेतीन', 'साडेचार' हे मराठी कानाला सरळ असलं तरी अ‍ॅपच्या हातून निसटतं, आणि पावणेतीनची गाडी पावणेचारची झाली तर दोष कोणाला द्यायचा? २:४५ लिहा. 'परवा' कधीच वापरू नका, तो गेलेला की येणारा हे मशिनला कळायला मार्ग नाही. तारीख लिहा. 'लाख' टाळा, शून्यांसकट आकडा लिहा. किंमत ठरवताना तर भाषांतर सोडाच, कॅलक्युलेटरवर आकडा दाखवा.

कर्ता गाळू नका. 'उद्या जायचंय, तिकीट हवंय' यात कोण जाणार, किती जण, कुठे, काहीच नाही. आपण संदर्भाने भरून काढतो, अ‍ॅप अंदाजाने भरतं. 'आम्ही ४ माणसं आहोत. आम्हाला उद्या, १२ तारखेला, क्योतोला जायचं आहे. ४ तिकिटं हवीत.' शाळेतल्या पहिल्या धड्यासारखं वाटेल, वाटू द्या. 'जरा', 'की', 'ना', 'बरं का' काढून टाका. टॅक्सीवाल्याला 'काका' म्हणू नका, भाषांतरात तो तुमचा नातेवाईक होऊन बसतो.

खाण्याच्या बाबतीत 'शाकाहारी' एवढ्यावर विसंबू नका. जपानमध्ये भाज्यांच्या सूपलाही पुष्कळदा सुकवलेल्या माशाच्या अर्काचा आधार असतो, थायलंडमध्ये भाजीत फिश सॉस पडतो, आणि देणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नाही. जिन्नस एकेक करून लिहा: मांस नको, मासे नकोत, माशाचा अर्क नको, फिश सॉस नको, डुकराची चरबी नको, अंडं नको. जे खात नाही ते सगळं. कोणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर 'दाणे' किंवा 'कूट' न लिहिता 'शेंगदाणे' असा पूर्ण शब्द लिहा. 'दाणे' म्हटल्यावर अ‍ॅप धान्य समजू शकतं. हे कार्ड तर अ‍ॅपवर सोडूच नका. पुण्यात जपानी, जर्मन, फ्रेंच शिकलेली माणसं शोधावी लागत नाहीत. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन आहे, आणि ओळखीत कोणीतरी तिथे शिकलेलं निघतंच. त्यांच्याकडून मजकूर तपासून घ्या, छापा, पाकिटात ठेवा. हॉटेलचा पत्ताही स्थानिक लिपीत त्याच कागदावर. इमिग्रेशनच्या रांगेत फोन वापरू देत नाहीत तेव्हा हाच कागद कामाला येतो.

महत्त्वाचं वाक्य दाखवण्याआधी उलटं भाषांतर करून बघा, शक्य असेल तर दुसऱ्या अ‍ॅपमध्ये, कारण तेच अ‍ॅप स्वतःची चूक कधी कधी सफाईने परत सरळ करून दाखवतं. भाषा किती सुंदर आली ते बघू नका. आकडे तेच आहेत का, 'नाही' टिकला का, नावं बदलली नाहीत ना, एवढंच तपासा.

८. मग यंत्र घ्यायचं का?

वरचं सगळं करूनही अडतं आणि सोबत फोनशी न जमणारे आईबाबा आहेत, तर खिशातलं भाषांतर यंत्र उपयोगी पडतं. त्याचे फायदे साधे आहेत: दोन मोठी बटणं, मोठा स्पीकर, आणि फोनची बॅटरी वाचते. पण बहुतेक यंत्रांनाही नेट लागतंच. खोक्यावर शंभर भाषा लिहिल्या असतील तर त्यांतल्या बोलण्याच्या किती आणि फक्त मजकुराच्या किती हे वाचा, आणि मराठी कुठल्या यादीत आहे ते पाहा. आतल्या सिमची मुदत कधी संपते तेही.

यंत्र हॉटेलच्या वायफायला जोडलं जात नाही, ही त्याची ठरलेली तक्रार. बऱ्याच यंत्रांत ब्राउझर नसतो, मग लॉगिनचं पान उघडणार कुठे? फोनचा हॉटस्पॉट द्या. हॉटस्पॉटही दिसत नसेल तर तो २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा, आयफोनमध्ये 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' चालू करा. स्वस्त यंत्रांना ५ गिगाहर्ट्झ पकडता येत नाही.

भाषांतराचे इयरफोन घेतले असतील आणि जोडणी दर पाच मिनिटांनी तुटत असेल तर फोनची बॅटरी बचत त्यांचं अ‍ॅप मारते आहे. त्या अ‍ॅपपुरती बचत बंद करा. एक इयरफोन समोरच्याच्या कानात घालायची जाहिरातीतली कल्पना मात्र सोडून द्या. अनोळखी माणूस ते घालत नाही. तुमच्या कानात इयरफोन आणि त्याच्यासाठी फोनचा स्पीकर, ही पद्धत चालते.

चार्जरवर '१००-२४० व्होल्ट' लिहिलेलं असेल तर जपानच्या १०० व्होल्टलाही चालतो, फक्त पिनेचा अ‍ॅडॅप्टर लागतो. पॉवर बँक केबिन बॅगेतच न्यायची. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टने ७४ वॅट-तास, १०० च्या मर्यादेत बसते. चीनमध्ये देशांतर्गत विमानप्रवास असेल तर २८ जून २०२५ पासून तिथल्या ३सी या सुरक्षा-प्रमाणपत्राच्या शिक्क्याशिवाय पॉवर बँक नेऊ देत नाहीत.

इथे अ‍ॅप बंद करा, माणूस बोलवा

दवाखान्यात औषधाचं प्रमाण, अ‍ॅलर्जी, ऑपरेशनची संमती. रांगेत नाव लिहायला अ‍ॅप चालेल, सही करायला नाही. अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांना दुभाषा मोफत द्यावा लागतो, पण तो मागावा लागतो: 'इंटरप्रिटर, मराठी' किंवा 'हिंदी' एवढं म्हटलं तरी पुरतं. तातडीला युरोपात ११२, जपानमध्ये रुग्णवाहिकेला ११९ आणि पोलिसांना ११०. जपानच्या पर्यटन संस्थेची ०५०-३८१६-२७८७ ही हेल्पलाइन चोवीस तास इंग्रजीत बोलते. दक्षिण कोरियात पर्यटकांची हेल्पलाइन १३३०, थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा ११५५. हे आकडे फोनमध्येच नाही, छापील कागदावरही लिहा.

पोलिसांपुढे जबाब द्यायची वेळ आली तर पडद्यावरचं भाषांतर वाचून सही करू नका. दुभाषा मागा आणि भारतीय दूतावासाला किंवा वाणिज्य दूतावासाला कळवा. परदेशातल्या भारतीयांच्या तक्रारींसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टलही आहे. आणि हो, अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉल लागत नाही, घरच्यांना साधा फोन करा.

भाडेकरार, नोकरीचा करार, जन्मदाखला, लग्नाचा दाखला, पदवीची कागदपत्रं यांचं अ‍ॅपने केलेलं भाषांतर समजून घेण्यापुरतं ठीक आहे. जमा करायला ते चालत नाही. जर्मनीसारख्या देशात न्यायालयाने शपथ दिलेल्या भाषांतरकाराचा शिक्का मागतात. मूळ कागदावर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, परदेशात दाखवायचा सरकारी शिक्का) लागतं का, आणि लागत असेल तर ते आधी घ्यायचं की भाषांतर आधी, हे ज्या कार्यालयात कागद द्यायचा आहे त्यांनाच विचारायचं. क्रम चुकला तर दोन्हींची फी पुन्हा भरावी लागू शकते.